पेपर कुणाचा, हे आधी सांगा

पुण्याच्या मंडईत पिशवी घेऊन शिरणाऱ्या माणसाची नजर खाली असते. मेथीची जुडी ताजी आहे का, गवार कोवळी आहे का, इकडे लक्ष. मान वर करून इमारतीकडे बघायला सवड कुणाला? मी मात्र दर वेळी बघतो. दगडी बांधणी, मधोमध अष्टकोनी मनोरा. ही इमारत १८८६ साली उभी राहिली. तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे होते, म्हणून तिचं नाव पडलं रे मार्केट. आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. त्याचं अनावरण २२ जुलै १९२४ रोजी मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झालं, तेव्हा पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते न. चिं. केळकर, म्हणजे 'केसरी'चे संपादक. आणि आज इमारतीला नाव आहे महात्मा फुल्यांचं. ते देण्यात पुढाकार होता प्रल्हाद केशव अत्र्यांचा, त्या वेळी ते याच नगरपालिकेच्या स्थायी समितीचे अध्यक्ष होते.

फुले, टिळक, केळकर, अत्रे. चौघंही या ना त्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि चौघांचंही आयुष्य छापील शब्दाशी बांधलेलं होतं. पत्रकाराने राजकारणात जावं का, हा प्रश्न दर निवडणुकीत नव्याने निघतो आणि बहुतेक वेळा 'छे, पत्रकाराने तटस्थ राहावं' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे उत्तर पटत नाही. मराठी वर्तमानपत्राचा जन्मच चळवळीच्या घरात झाला. संपादक राजकारणात गेला म्हणून आपलं काही बिघडलं नाही. बिघडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते कळायला मंडईच्या दारात थोडं थांबावं लागतं.

जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. सरकारने नेमलेल्या माणसाने सरकारच्या मर्जीने वागावं, अशी तेव्हाची रीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते तेव्हा त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, म्हणून फुल्यांनी विरोध केला. मंडईच्या टोलेजंग इमारतीवर पैसा ओतायलाही त्यांचा विरोध होता, कारण तेच. फुले कुठल्या वर्तमानपत्राचे मालक नव्हते, पण सत्यशोधकांचा आवाज म्हणून कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधू' काढला होता आणि त्यामागचा विचार फुल्यांचा आहे हे सगळं गाव जाणून होतं.

'केसरी' निघाला जानेवारी १८८१ मध्ये. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीचा खटला उभा राहिला आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या खटल्यात त्यांना जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. 'केसरी' आणि 'दीनबंधू' यांचं पुढे किती फाटलं हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोण कुठे उभा आहे याबद्दल कुणाच्या मनात संशय नव्हता, आणि म्हणूनच अडचणीच्या वेळी हात पुढे करतानाही तो कुणासाठी आणि का, हे स्पष्ट होतं.

टिळक १८९५ साली नगरपालिकेवर निवडून आले आणि त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलातही गेले. नगरपालिकेत सभासद, कौन्सिलात सभासद आणि 'केसरी'चे संपादक, असं सगळं एकाच माणसाकडे. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतील. पण १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी जाचाविरुद्ध 'केसरी'ने जे लिहिलं त्याची किंमत त्या सभासदानेच मोजली. राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि कौन्सिलातली जागा सोडावी लागली. पेपर माझा आहे, लेख माझा आहे, शिक्षाही माझी आहे. अग्रलेखावर सही नसली तरी माणूस लपलेला नव्हता.

केळकरांचं तर सगळं आयुष्यच या दोन दगडांवर उभं होतं. टिळक तुरुंगात गेले की 'केसरी'चा भार त्यांच्यावर, आणि टिळकांच्या पश्चात नगरपालिकेची अध्यक्षाची खुर्चीही. १९२३ मध्ये ते मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. १९२४ मध्ये मंडईतल्या पुतळ्याला मोतीलाल नेहरूच का आले, तर दोघेही त्या वेळी स्वराज्य पक्षात. पुढे केळकर प्रतियोगी सहकारितेकडे, म्हणजे प्रसंग पाहून सरकारशी सहकार्य करण्याच्या धोरणाकडे, वळले आणि मोतीलालजींशी बिनसलं, तेही 'केसरी'च्या वाचकाला कुणी कानात सांगावं लागलं नाही, ते अग्रलेखांतून दिसत होतं. मला केळकरांची मतं फारशी पटत नाहीत. पण त्यांनी अमुक ठराव का मांडला याचं उत्तर वाचकाला पेपरातच मिळत होतं, हे त्यांचं देणं मी मान्य करतो.

या काळाची आरती ओवाळायची नाही, म्हणून पुढचीही गोष्ट सांगायला हवी. पुतळ्याच्या अनावरणाला एक वर्ष झालं आणि १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी नगरपालिकेत प्रस्ताव आणला की जोतीराव फुल्यांचाही पुतळा व्हावा. तो फेटाळला गेला. टिळकांच्या पुतळ्यासाठी उत्साहाने हात वर करणारी सभा फुल्यांच्या नावाला अडली. त्यावर दिनकरराव जवळकरांनी चिपळूणकर-टिळकांवर जळजळीत पुस्तिका लिहिली, खटला झाला, जेधे-जवळकरांना शिक्षा झाली आणि अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले तरुण बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. आरोपी सुटले. एका शहरातल्या एका सभागृहाचा हा वाद, पण तो पुस्तिकांत गेला, वर्तमानपत्रांत गेला, कोर्टात गेला. संपादक असलेल्या राजकारण्यांनी एक मोठा अन्याय केला, आणि त्याला उत्तर द्यायला समोरच्या बाजूनेही लेखणीच उचलली.

म्हणूनच त्या दशकाच्या मागून आलेल्या अत्र्यांनी रे मार्केटला फुल्यांचं नाव दिलं, याला मी नुसता नामांतराचा ठराव म्हणत नाही. ज्या नगरपालिकेने फुल्यांच्या पुतळ्याला नाही म्हटलं तिच्याच मालकीच्या, गावातल्या सगळ्यात गजबजलेल्या इमारतीवर ते नाव गेलं. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं तेही त्यांच्याच पुढाकाराने. आता, ज्या माणसाने मंडई बांधायलाच विरोध केला होता त्याचं नाव मंडईला द्यावं, हे फुल्यांना स्वतःला आवडलं असतं का, हा विचार मला दर वेळी त्या दारात येतो. पण पुण्यातली बाई आज सहज 'फुले मंडईत जाऊन येते' म्हणते, ही काही लहान गोष्ट नाही.

अत्र्यांचा क्रम मात्र उलटा होता, हे लक्षात घ्यायला हवं. ते नगरपालिकेत गेले तेव्हा शिक्षक, नाटककार, वक्ते म्हणून गाजलेले होते. त्यांचं 'नवयुग' साप्ताहिक १९४० मध्ये निघालं, आणि दैनिक 'मराठा' १५ नोव्हेंबर १९५६ रोजी, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन लढ्यात. १९५७ मध्ये ते समितीतर्फे दादरमधून विधानसभेवर निवडून गेले. 'मराठा' हातात घेणाऱ्याला तो कुणाच्या बाजूचा आहे हे विचारावं लागत नव्हतं. तो मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांचा पेपर होता, आणि ज्याला ते नको होतं त्याने तो विकत घेऊ नये, इतकं साधं. अत्र्यांची लेखणी माणसावर घसरायची, आणि घसरली की कुठे थांबेल याचा नेम नसायचा. त्यांच्या शब्दांनी पुष्कळांच्या घरात जखमा झाल्या. पण ज्याला जखम झाली त्याला ती कुणी केली हे ठाऊक होतं. त्याला उत्तर देता येत होतं, कोर्टात जाता येत होतं, दुसरा पेपर काढता येत होता.

पुढे 'मार्मिक'चं तेच. १९६० मध्ये व्यंगचित्रांचं साप्ताहिक म्हणून निघालेलं ते पत्र १९६६ मध्ये एका संघटनेची पायाभरणी करून बसलं आणि १९६७ मध्ये ठाण्याच्या नगरपालिकेत चाळीसपैकी सतरा जागा त्या संघटनेच्या हाती आल्या. लोकसत्तेचे विद्याधर गोखले १९८९ मध्ये लोकसभेत गेले, महाराष्ट्र टाइम्सचे भारतकुमार राऊत आणि नंतर कुमार केतकर राज्यसभेत. पक्ष वेगवेगळे. कुणाला ते रुचलं, कुणाला नाही, पण गुपचूप कुणीच गेलं नाही. 'सामना' कुणाचा आहे हे महाराष्ट्रात शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा संपादकपदावरून त्यांचं नाव उतरलं आणि मार्च २०२० मध्ये रश्मी ठाकरे यांचं चढलं. घर तेच राहिलं हे खरं, पण नाव छापलेलं होतं, आणि वाचक काय वाचतो आहे हे त्याला माहीत होतं.

दगा झाला तो याच्या उलट बाजूने. पूर्वी पत्रकार राजकारणात जायचा. आता राजकारण पेपरात येतं, आणि येताना नाव बाहेर काढून ठेवतं.

मी एका जिल्हा दैनिकात नऊ वर्षं होतो. सुरुवात वार्ताहर म्हणून, नंतर डेस्कवर. वार्ताहर म्हटलं की लोकांना बातमीदार वाटतो. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर हा अर्धा जाहिरात प्रतिनिधी असतो. पगार नाही, मानधन म्हणण्याजोगंही नाही, जाहिरातीवर कमिशन. दिवाळी, वर्धापनदिन, साहेबांचा वाढदिवस अशी तीन पिकं. ज्याच्यावर सोमवारी बातमी करायची त्याच्याकडेच शुक्रवारी 'शुभेच्छुक' म्हणून अर्धं पान मागायला जायचं. पहिल्या वर्षी मला ओशाळल्यासारखं व्हायचं. नंतर सवय झाली.

आमच्या मालकांनी महापालिकेची निवडणूक लढवायचं ठरवलं. 'ड' वर्गाची महापालिका, ओळखीचं गाव, निवडून आले. आनंदच झाला, आपला माणूस सभागृहात. दीडेक वर्षानं एका वॉर्डातल्या नव्या पाण्याच्या टाकीला गळती लागली. मी स्वतः जाऊन आलो. टाकीच्या पोटाखालून ओल धरली होती, प्लास्टरचे पोपडे हाताने निघत होते, आणि खाली एका म्हाताऱ्या बाईने गळणाऱ्या धारेखाली घागर लावून ठेवली होती. म्हणाली, "बाबा, नळाला येत नाही, पण इथं चोवीस तास असतंय." फोटो काढला, अभियंत्याचं म्हणणं घेतलं, ठेकेदाराला फोन केला, त्याने उचलला नाही. बातमी लावली, पान सातवर, तीन कॉलम.

रात्री साडेदहाला मालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "सर, ती टाकीची बातमी आज राहू द्या. थोडी माहिती घेऊन करू." आमच्याकडे ते सगळ्यांना सर म्हणायचे. मी राहू दिली. माहिती कुणीच घेतली नाही. ठेकेदार आणि मालक यांचं काय नातं होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी विचारलंच नाही. पाचेक महिन्यांनी आमच्याच पेपरात महापालिकेची निविदा सूचना आली, अमुक प्रभागातील उंच जलकुंभाची दुरुस्ती करणे, अंदाजपत्रकीय रक्कम इतकी, अनामत इतकी. ती जाहिरात पानावर बसवताना डीटीपीचा मुलगा म्हणाला, "साहेब, ही तीच टाकी ना?" गावाला ती गळते हे छापून कळलं ते असं, आणि त्या सूचनेचं बिल आम्ही महापालिकेलाच लावलं. त्या बाईची घागर छापायची राहिली. ती मला अजून टोचते, कारण तो फोन मालकांचा होता तरी बातमी पानावरून काढणारा हात माझा होता.

त्या दिवसांत मी कायदा उघडून बघितला. मला वाटत होतं, नगरसेवकाच्या पेपरला महापालिकेची जाहिरात मिळणं हेच बेकायदा असेल. ठेकेदारीचं तसंच आहे. महापालिकेच्या कामात, ठेक्यात ज्याचा हिस्सा किंवा हितसंबंध आहे तो नगरसेवक राहू शकत नाही, अपात्र ठरतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं दहावं कलम हेच सांगतं. पण त्याच कलमात अपवादांची यादी आहे, आणि त्या यादीत आहे वर्तमानपत्र. ज्या वर्तमानपत्रात महापालिकेच्या कारभाराबद्दलची जाहिरात छापून येते त्यात हिस्सा आहे, एवढ्याच कारणाने सभासद अपात्र ठरत नाही. हा कायदा १९४९ चा. मुंबईचा कायदा १८८८ चा, त्यातही हीच सवलत आहे.

ज्यांनी ती घातली त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा गावात पेपर एखाददुसरा. नगरपालिकेला नोटीस तर छापायलाच हवी, आणि गावातली शिकलीसवरली, वर्तमानपत्र चालवणारी माणसंच सभागृहात असायची. त्यांना अपात्र ठरवलं असतं तर टिळक-केळकरांसारखे लोकच बाहेर राहिले असते. नोटिशीचे चार रुपये हा तेव्हा कुणाचा धंदा नव्हता. आज जाहीर निविदा, मालमत्ता कराच्या नोटिसा, विकास आराखड्यावरच्या हरकती, अभिनंदनाचे रंगीत पान असं सगळं धरलं तर जिल्ह्याच्या छोट्या पेपरचा श्वास त्या जाहिरातीवर चालतो. सवलत मात्र जुनीच राहिली. ठेकेदार नगरसेवकाला जी मनाई आहे ती पेपरवाल्या नगरसेवकाला नाही, आणि ती नसल्याचं वाचकाला कुणी सांगतही नाही.

छपाईच्या जुन्या कायद्याने एक चांगलं केलं होतं. अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादकाचं नाव हवंच. शिवाय दर वर्षी फेब्रुवारी संपला की पुढच्या अंकात मालकीचं निवेदन छापावं लागायचं. छोट्या पेपरात काम केलेल्या कुणालाही 'फॉर्म चार' म्हटलं की मार्चच्या पहिल्या आठवड्यातली धावपळ आठवेल. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, एका चौकटीत ते जायचं. वाचत कुणी नसे. पण ते होतं, आणि शोधणाऱ्याला सापडायचं. आता बातमी येते ती पोर्टलवरून, यूट्यूब चॅनेलवरून, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून. एका तालुक्यात डझनभर चॅनेल, प्रत्येकाच्या माइकवर एक लोगो. पत्रकार परिषदेत टेबलावर माइकांचं जंगल उभं राहतं, पण त्यातला कुठला कुणाचा हे पाहणाऱ्याला सांगणारी चौकट कुठेच नाही. निवडणुकीच्या तीन महिने आधी सुरू झालेलं चॅनेल निकालानंतर बंद पडतं, तेव्हा काय ते लोकांना कळतं.

हे फक्त लहानांचं दुखणं आहे असं कुणी म्हणू नये. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याबद्दलचे कौतुकाचे लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मोठ्या मराठी दैनिकांत आले, काही तर शब्दाला शब्द सारखे, आणि त्यावर 'जाहिरात' हा शब्द नव्हता. पी. साईनाथ यांनी ते उघडकीला आणलं. उमेदवाराच्या हिशेबात वर्तमानपत्रातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आयोगाला अशी चौकशी करता येते, असा निर्वाळा न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्यानंतर आयोगाने हिशेब नीट दिला नाही असा निष्कर्ष काढला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण तिथे संपलं. पण वाचक म्हणून माझा प्रश्न उमेदवाराला नाहीच, पेपरांना आहे. एकच लेख तीन घरांत जन्मतो कसा? त्याचा बाप कोण हे वाचकाला सांगायला कुणाची हरकत होती?

'मराठा' उघड उघड एका बाजूचा होता, तरी त्याने वाचकाला फसवलं नाही. निःपक्ष म्हणवणाऱ्या पानावर विकत घेतलेला लेख छापला की वाचक फसतो. पक्षपात आणि फसवणूक यात आपण फरक करायला विसरलो आहोत, आणि म्हणून पक्ष घेणाऱ्या पत्रकाराला शिव्या देतो आणि न सांगता विकलेल्या पानाला नमस्कार करतो.

मार्च २०२२ मध्ये पुणे, मुंबई आणि आणखी कितीतरी महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. त्या काळात सर्वसाधारण सभा नाही, विषयपत्रिका नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. महापालिका बीट सांभाळणाऱ्या माझ्या मित्रांना बातमी उरली ती आयुक्तांच्या प्रसिद्धिपत्रकाची. सभागृह बंद असलं की पेपरही अर्धा बंद असतो, हे त्या काळात नीट कळलं. म्हणूनच पत्रकाराने सभागृहाला विटाळ मानू नये असं मला वाटतं. ज्याने वीस वर्षं नगरपालिकेच्या सभा कव्हर केल्या आहेत, ज्याला अंदाजपत्रकातलं कुठलं पान कुठे नेऊन पुरलं जातं हे ठाऊक आहे, तो माणूस सभागृहात बसला तर गावाचं भलं होण्याचीच शक्यता जास्त. त्याने जावं. फक्त जाताना तीन गोष्टी कराव्यात, आणि त्यातल्या पहिल्या दोन त्याच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात याव्यात.

उमेदवारीच्या प्रतिज्ञापत्रात आपली किंवा घरच्यांची कुठल्या पेपरात, पोर्टलात, चॅनेलात मालकी किंवा भागीदारी आहे ते स्वतंत्र रकान्यात लिहावं. घर, शेती, सोनं लिहितो तसंच. ते वर्तमानपत्राचं जुनं अपवाद-कलम काढून टाकू नये, पण त्याला अट जोडावी. सभासदाच्या पेपरला महापालिकेकडून वर्षभरात किती जाहिराती गेल्या आणि किती रुपये, याची यादी दर वर्षी सभेपुढे यावी आणि त्या पेपरात छापली जावी. आणि तिसरी गोष्ट कायद्याची नाही, रिवाजाची आहे. मालक सभासद असताना त्याच्या पेपरने महापालिकेची बातमी छापली तर बातमीखाली तसं लिहावं.

यावर माझा एक मित्र चिडला. तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवतो, वयाने मोठा, आम्ही त्याला अण्णा म्हणतो. म्हणाला, "तू पुण्यात बसून लिहितोस. नगरपरिषदेच्या दोन नोटिसा बंद झाल्या की माझा अंक बंद होतो. मोठ्यांच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही आणि आमच्या पावलीचा हिशेब मागायचा?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. हिशेब मागायचा तर आधी मोठ्यांकडून मागावा, ज्यांच्या घरातून एक माणूस संपादकीय खोलीत, दुसरा सभागृहात आणि तिसरा ठेक्यात आहे त्यांच्याकडून. पण अण्णाला मी त्याच्याच घरातली गोष्ट आठवून दिली. तो स्वतः एक मुदत नगरपरिषदेचा सदस्य होता. त्याने तेव्हा काय केलं होतं ते मला त्यानेच एकदा दाखवलं होतं, बांधलेल्या फायलीतून. त्या पाच वर्षांतल्या प्रत्येक अंकात, नगरपरिषदेच्या सभावृत्ताच्या वर, काळ्या चौकटीत दोन ओळी आहेत: 'या अंकाचे संपादक नगरपरिषदेचे सदस्य आहेत. वाचकांनी वृत्त वाचताना हे ध्यानात घ्यावे.' कुणी सांगितलं नव्हतं, कायदा नव्हता. एका अंकात तर त्याने स्वतःच हरलेल्या ठरावाचं वृत्त दिलं आहे, विरोधी सदस्याचं भाषण आपल्यापेक्षा चार ओळी जास्त.

"ते निराळं होतं," अण्णा म्हणाला.

"कसं निराळं?"

तो काही बोलला नाही. उठून आतल्या खोलीत गेला आणि एक फाइल घेऊन आला, मार्च महिन्याचा अंक उघडून माझ्यापुढे ठेवला. शेवटचं पान, खाली उजवीकडे फॉर्म चारची चौकट. मुद्रक, प्रकाशक, संपादक, मालक. चार ओळींत चारदा त्याचंच नाव, पूर्ण पत्त्यासह, वाचता येईल एवढ्या टायपात.